कुठल्या ओळीत आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धर्मग्रंथ कॉलेजात साहित्य म्हणून शिकवावेत का यावर आपल्याकडे लागोपाठ दोन पत्रं वाचली. एकाचं म्हणणं, पवित्र ग्रंथाला कथा-कादंबरीच्या पंगतीत बसवणं हा अपमान आहे. दुसऱ्याचं म्हणणं, कॉलेजात धर्म आणूच नका, मागच्या दाराने प्रवचन सुरू होईल. मी याच विषयाचा पेपर दिलाय, तोही चाळिशी उलटल्यावर पुन्हा बी.ए.ला बसून, वर्गातली मुलं मला काकूच म्हणायची, तेव्हा दोघांनाही वर्गात नेमकं काय होतं ते सांगावं म्हणून लिहितेय.

सरांचा नियम एकच होता. काहीही बोला, श्रद्धेने बोला नाहीतर टीका करा, पण ते कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा.

दुसऱ्या की तिसऱ्या तासाला लक्ष्मणरेषेवरून जुंपली. एक मुलगा म्हणाला मर्यादा ओलांडली की काय होतं ते त्यात सांगितलंय, एक मुलगी उसळली की बाईला रेघ आखून द्यायची हेच मुळात चूक, मग निम्मा वर्ग इकडे निम्मा तिकडे, मीही माझं घोडं दामटलंच. सर शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, ठीक आहे, आता ती रेघ दाखवा. आमच्यासमोर वाल्मीकींचं अरण्यकांड होतं, सगळ्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. रेघ नाहीच! सीता लक्ष्मणाला नको नको ते बोलते, तो दुखावतो, वनदेवता तुझं रक्षण करोत म्हणतो आणि मागे वळून बघत बघत निघून जातो. बस. अर्धा तास आम्ही नसलेल्या रेघेवरून भांडत होतो, भाविकही आणि पुरोगामीही.

मग सरांनी तुलसीदासांचं रामचरितमानस काढलं. तिथे रेघ आहे, पण ती येते लंकाकांडात आणि मंदोदरीच्या तोंडी. ती नवऱ्याला टोमणा मारते की रामाच्या धाकट्या भावाने एवढीशी रेघ ओढली होती, तीसुद्धा तुम्हाला ओलांडता आली नाही, आणि म्हणे पराक्रम. म्हणजे त्या ओळीत रेघ रावणाला आडवी आलीय, सीतेला नाही! मी आयुष्यभर 'लक्ष्मणरेषा' हा शब्द वापरत आलेय, त्या दिवशी घरी जाताना डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता पहिल्या पत्रलेखकांना विचारायचंय, यात अपमान कुठे झाला? उलट इतकं बारकाईने मी तो ग्रंथ त्याआधी कधी वाचलाच नव्हता, ऐकलेलाच पुरत होता. आणि दुसऱ्यांना विचारायचंय, यात प्रवचन कुठे आलं? तुम्ही दोघं एकच गृहीत धरताय, की वाचायचं म्हणजे एकतर मानायचं नाहीतर खोडून काढायचं. मधे नुसतं बघणं म्हणून एक गोष्ट असते की नाही.

सगळ्यात जास्त रमले ते कुरआनातल्या सूरह यूसुफमधे. १११ आयतींचा, म्हणजे श्लोकांचा, अध्याय, आणि त्यात सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत एकच गोष्ट. त्यातला सदरा बघा. आधी भाऊ यूसुफला विहिरीत टाकून येतात आणि सदऱ्याला खोटं रक्त लावून बापाला, याकूबला, दाखवतात. मग तो गुलाम म्हणून विकला जातो, तिथे मालकाची बायको त्याच्या मागे लागते तेव्हा सदरा फाटतो, आणि फाटलाय पाठीमागून म्हणजे तो पळत होता, म्हणून तो निर्दोष. आणि शेवटी तोच यूसुफ आपला सदरा बापाकडे पाठवतो, तो तोंडावर टाकताच रडून रडून आंधळ्या झालेल्या याकूबला दिसायला लागतं. पहिला सदरा खोटा पुरावा, दुसरा खरा पुरावा आणि तिसऱ्याला पुरावा म्हणायचीही गरज नाही, कारण काफिला पोचायच्या आधीच म्हातारा म्हणतोय मला यूसुफचा वास येतोय. हे कळायला अमुक धर्माचं असावं लागत नाही आणि कळल्यावर कुणाचा धर्म बाटतही नाही.

बायबलमधलं विलापगीतही असंच, फक्त तिथे भाषांतराने आमचा घात केला. मुळात हिब्रू वर्णमालेतली २२ अक्षरं, त्या क्रमाने पहिल्या चार अध्यायांतली कडवी सुरू होतात. पाचव्यात श्लोक २२ च आहेत पण क्रम गेलेला. जेरुसलेम शहर पडलंय आणि शोक करणाऱ्याची बाराखडीही विस्कटलीय, असं मला वाटतं, हे मात्र माझं मत हं, ओळीत दाखवता येणार नाही. मराठीत यातलं काहीच दिसत नाही, सरांनी फळ्यावर अक्षरं मांडली तेव्हा कुठे ट्यूब पेटली. म्हणून शिकवणाऱ्याला मूळ भाषेची थोडीतरी ओळख हवीच, नुसत्या भाषांतरावर हा पेपर ओढू नये.

सगळं गोड होतं असंही नाही. एक मुलगा मधेच यायचा बंद झाला, त्याला म्हणे आपल्या ग्रंथाला 'टेक्स्ट' म्हटलेलं सहन होत नव्हतं. मला त्याचं हसू नाही आलं. गीतेचा अकरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकलेला, आणि वर्गात सर सांगत होते की विश्वरूप दिसतं तिथे श्लोकाचा छंद बदलतो, आठ अक्षरांचे चरण जाऊन अकरा अक्षरांचे त्रिष्टुभ येतात, तेव्हा मी बोटांवर अक्षरं मोजत होते आणि आतून जरा अपराधी वाटत होतं. देवासमोर हिशेब करतोय असं. मग मोजून झालं आणि पुन्हा म्हणून बघितलं तर श्वास खरंच लांब घ्यावा लागत होता. अर्जुनाचा श्वास असाच झाला असेल का? पण हे त्या मुलाला सांगायला तो वर्गात नव्हता.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, संपादक महोदय, आणि ती ना धर्माबद्दल आहे ना सरांबद्दल. वर्षभर असं ओळ न् ओळ वाचून घेतलं आणि परीक्षेच्या पेपरात प्रश्न काय, तर 'यूसुफच्या कथेतून मिळणारा बोध सविस्तर लिहा', गुण १०. पेपर काढणाऱ्यांनी वर्गात डोकावून तरी बघायचं. मुलांनी भराभर लिहिलं, सत्याचा विजय होतो, संयम ठेवावा, भावांनी मत्सर करू नये. त्यांना पैकीच्या पैकी. मी तिन्ही सदरे लिहिले, आयतींच्या नंबरांसकट, वास येतो ती आयतही लिहिली.

दहापैकी चार मिळाले. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज केलाय.

आपली,
एक नियमित वाचक
(तृतीय वर्ष बी.ए., उशिराने)