परवाना दिला, मालकी नाही

महोदय,

परवा एका विद्यार्थ्याने प्रकल्पात उचललेल्या फाइलच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळ ‘ओपन सोर्सच आहे ना’ म्हणून पुसून टाकली. ओपन सोर्स म्हणजे कोणालाही वापरता, बदलता येईल असा परवाना देऊन खुला केलेला कोड. मला वाईट वाटलं. त्या फाइलचा परवाना ‘एमआयटी’ नावाचा होता, आणि ती ओळ ठेवणं ही त्याची जवळपास एकमेव अट. लिहिणारा मालकी सोडत नाही. मालकी आहे म्हणूनच त्याला अट घालता येते.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हजारो जणांचा कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडे आहे. त्यामुळे त्याचा जीपीएल आवृत्ती २ हा परवाना बदलणं खुद्द लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांच्याही एकट्याच्या हातात नाही. सर्व्हर वगैरे यंत्रणा उभारण्यासाठी वापरलं जाणारं हॅशिकॉर्प कंपनीचं सॉफ्टवेअर टेराफॉर्म, त्याचं उलट झालं. बाहेरच्या योगदात्यांनी करार करून हॅशिकॉर्पला व्यापक हक्क दिले होते. ऑगस्ट २०२३मध्ये कंपनीने परवानाच बदलला. आधीचा कोड मात्र जुन्याच परवान्याखाली खुला राहिला, आणि त्यातून ओपनटोफू हा वेगळा खुला प्रकल्प उभा राहिला.

तरुणांनी असे करार सही करण्याआधी पूर्ण वाचावेत. नोकरीचं पत्रही वाचावं. कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याने कंपनीचा असतो. तो खुला करण्याची परवानगी तिच्याकडूनच घ्यावी लागते.

– एक प्राध्यापक, नाशिक