टाळ्या वाजवून थवे उठवू नका

संपादक महोदय,

रविवारी ऐन भरतीला खाडीकाठच्या पाणथळीत कॅमेरा घेऊन उकिडवा बसलो होतो. चिखल बुडाला की किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं चरणं थांबतं. मग चिखले, तुतवार, गॉडविट असे पक्षी उंचवट्यावर एका पायावर, चोच पाठीत खुपसून विसावतात. तेवढ्यात एका हौशी छायाचित्रकाराने टाळ्या वाजवल्या. अख्खा थवा उठला. फोटो झकास आला असेल म्हणा! २०२२ मध्ये एक गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता १३,५६० किलोमीटर उडाला, तो अंगातल्या चरबीवर. तीच चरबी आपण फुकट जाळायला लावतो. मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पूर्वी शेकाट्याच्या घरट्याजवळ गेलो होतो. मला घरट्यापासून दूर न्यायला तो पंख मोडल्याचं सोंग घेऊन चिखलात फरफटत होता आणि मी शटर दाबत होतो.

— एक पक्षीनिरीक्षक