भिंत मुलांनाच रंगवू द्या

संपादक महोदय,

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत ‘बोलक्या भिंती’ असतात, पण त्यांवर बोलतो तो पेंटर. तेच हसरे ससे, तेच सुविचार. मुलांनी मात्र भिंतीला हात लावायचा नाही!

आमच्या डहाणू भागातली वारली कला मुळात एकट्यादुकट्याची नाहीच. लग्नघरी सुवासिनी मिळून गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात. वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. गोल, त्रिकोण, रेघ एवढ्यावर सगळं उभं राहतं. पहिलीतल्या पोरालाही ते जमतं.

शाळेने भिंतीवर तारपा नाचाचा (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवती फेर धरतात) एक मोठा फेर आखावा आणि पटावरच्या प्रत्येक मुलाने त्यात आपला एकेक माणूस काढावा. चौथीची मुलं वर, पहिलीची खाली. कुणाचा पाय लांबेल, कुणाचं डोकं धडापेक्षा मोठं होईल. होऊ द्या. गुरुजींनी ‘सुधारायला’ काडी हातात घेऊ नये, एवढीच अट. (हा मोह आवरत नाही, स्वानुभवाने सांगतो.)

खर्च म्हणाल तर गेरू, तांदूळ आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काड्या. पावसाने धुतलं, तर जूनमध्ये नवी पहिली हजर असतेच.

– एक निवृत्त शिक्षक, डहाणू