निहाली गोष्टींतून ऐका

महोदय,

जळगाव जामोद परिसरातली निहाली भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. अशा भाषेची नोंद करताना अभ्यासकाची शब्दयादी त्यामानाने लवकर होते. कस लागतो वाक्यरचनेत. मराठी वाक्य देऊन ‘हे तुमच्या भाषेत सांगा’ म्हटले, की सांगणारा नकळत मराठी वाक्याचाच साचा परत करतो. निहाली बोलणारे तर कोरकू, मराठी, हिंदीही जाणतात! म्हणून आधी गोष्टी, भांडणे, आपसांतल्या गप्पा ध्वनिमुद्रित कराव्यात. मग त्यातलेच वाक्य घेऊन क्रियापद हलवावे, नकार घालावा आणि ‘असे चालेल का?’ विचारावे. ‘असे कोणी बोलत नाही’ हे उत्तरही टिपून ठेवावे. विद्यापीठांनी अभ्यासकाला गावातल्या अशा मुक्कामासाठी पुरेसा वेळ द्यावा, आणि सांगणाऱ्याची बुडालेली मजुरीसुद्धा.

– एक वाचक, खामगाव