आई-अण्णांना, नैरोबीहून

नैरोबी, ३० जून २०२४

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. परवा फोनवर आई रडायला लागली आणि मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज रविवारी बसून लिहितोय. टीव्हीवर केनियाच्या संसदेच्या इमारतीत आग दिसली ती खरी. पण ते सगळं शहराच्या मध्यभागी. माझं घर तिथून बरंच लांब, कारखाना त्याहून वेगळ्या टोकाला. मंगळवारी आम्ही दुपारीच शटर ओढलं. आपल्या उच्चायोगानेही जपून राहायला सांगितलं होतं, तसाच राहिलो. घरात तांदूळ, डाळ, गॅस सगळं आहे. काल मॅच शेवटपर्यंत पाहिली. सूर्यकुमारने तो झेल घेतला तेव्हा शेजारचे गुजराती काका भिंतीवर थापा मारत होते. तेव्हा आई, जेवत जा नीट.

अण्णा, तुम्ही म्हणालात, "कर वाढला म्हणून कोणी संसदेत घुसतं का?" जाळपोळीची बाजू मी घेत नाही. पण नुसता कर वाढला म्हणून हे झालं, असंही नाही.

आमच्या डिस्पॅचमध्ये चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या तडे गेलेल्या मोबाइलवर अख्खं वित्त विधेयक होतं, पिवळ्या खुणा केलेलं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाईंना तो ते किकुयू भाषेत समजावून सांगायचा. पावावर १६ टक्के व्हॅट, गाडीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के, खायच्या तेलावर २५ टक्के. पहिल्या मोर्चाच्या दिवशीच, १८ तारखेला, पावाचं कलम काढून टाकलं. तरी तो म्हणाला, "पाव सोडा, कर्ज कुठे गेलं ते सांगा."

कर्ज म्हणजे सुमारे १० लाख कोटी शिलिंग. करापोटी जमा होणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त त्याच्या हप्त्यांत आणि व्याजात जातो. दोन अब्ज डॉलरचे जुने रोखे या महिन्यात फेडायचे होते, तर फेब्रुवारीत जवळजवळ दहा टक्क्यांनी दीड अब्जाचं नवं कर्ज काढलं. तुमच्या भाषेत, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. मी मोंबासाला गेलो होतो तेव्हा ज्या रेल्वेचा फोटो पाठवला, ती २०१७ साली सुरू झाली, चीनच्या कर्जातून. त्या कर्जाचे करार लोकांना वर्षानुवर्षं दाखवलेच नव्हते. २०२२ च्या नोव्हेंबरात कुठे त्यातले काही कागद बाहेर आले. आपल्या नावावर काढलेलं कर्ज, आणि कागद बघायची सोय नाही. वाचल्याशिवाय जामीनकीवर सही करू नये हे मला तुम्हीच शिकवलंत, अण्णा.

इथली एक रीत सांगितल्याशिवाय तुम्हाला हे कळणार नाही. तिला हरांबे म्हणतात. शब्दाचा अर्थ सगळ्यांनी मिळून ओढणं. देशाच्या राजचिन्हावरही तो आहे. कोणाचं दवाखान्याचं बिल, कोणाची फी, कोणाची मयत, शाळेचं छप्पर, की हरांबे ठरतो. आधी मोबाइलवर ग्रुप निघतो, खजिनदार नेमतात, एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पाकिटात, पैसे येतात आणि रोज संध्याकाळी कोणी किती दिले त्याची यादी फिरते. नाव आणि पुढे आकडा, पन्नास शिलिंग असले तरी. मला पहिल्यांदा फार संकोच वाटला. आपण आहेराचं पाकीट बंद करून देतो. पण यादी उघडी असते म्हणूनच खजिनदाराला पै न पै सांगावी लागते. पुढे मोठा कार्यक्रम असला की आमदार-खासदार येतात, बहुतेक चर्चमध्ये, आणि सर्वांसमोर नोटांची बंडलं देतात. लोक टाळ्या वाजवतात. मुलं आता त्यावरच बोट ठेवतात: ह्याचा पगार आम्हाला माहीत आहे, मग ही बंडलं आली कुठून? पन्नास शिलिंगवाल्याचा हिशोब लागतो आणि ह्याचा नाही, हे त्यांना सहन होत नाही.

मंगळवारी दुपारी विधेयक १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर झालं आणि त्यानंतर पोरं आत शिरली. गोळीबारात वीसच्या आसपास जीव गेले असं ऐकतो, आकडा वाढेल म्हणतात. बहुतेक पोरं छोटीच्या वयाची. बुधवारी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही करणार नाही असं जाहीर केलं. हे आधी केलं असतं तर.

आता जे फोनवर बोललो नाही ते. डिस्पॅचमधल्या त्या मुलाने सोमवारी माझ्याकडे मंगळवारची सुट्टी मागितली होती. वरून नको असा निरोप होता, मी नाही म्हणालो. तो गेला. हजेरीवर गैरहजर मी माझ्या हाताने लिहिलं. गुरुवारी आला तेव्हा अश्रुधुराने डोळे लाल होते, माझ्याशी नेहमीसारखंच बोलला. माझा व्हिसा कंपनीच्या सहीवर आहे, मी बाहेरचा माणूस, हे सगळं खरं. तरी झोप लागत नाही. उद्या महिन्याचा पगार काढायचा आहे. त्याचा तो दिवस भरून द्यावा म्हणून मालकांशी बोलणार आहे, नाही ऐकलं तर माझ्यातून देईन. यात काळजीचं काही नाही, आई.

छोटीच्या लग्नासाठी एक लाख म्हणालो होतो, पण दिवाळीपर्यंत साठ हजारच होतील. जानेवारीत डॉलरला १६० शिलिंग पडत होते, तुम्हाला पाठवायचे पैसे भरत नव्हते, म्हणून ऑफिसातून उचल घेतली. तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं. ऑगस्टमध्ये फिटते. आता १२९-१३० वर आलाय. छोटी म्हणाली तुम्हीही सोसायटीतून कर्ज उचललंत आणि सातबाऱ्यावर बोजा चढवलात. किती, किती टक्क्यांनी आणि हप्ता कधीचा, ते मला कळवा अण्णा. रागावू नका, पण कागदाचा फोटो छोटीला पाठवायला सांगा.

फलटणच्या स्थळाला नाही म्हणत नाही, आई. फक्त माझा पगार विचारला तर खरा आकडा सांग, उचलीचंही सांग. त्यावर ते हो म्हणाले तर पत्रिका बघ.

पालखी एक-दोन दिवसांत सासवडला येईल. गर्दीत गुडघा सांभाळ. यंदाही वारकऱ्यांच्या पंगतीचे पैसे माझ्याकडून धर, ते वेगळे पाठवलेत.

तुमचा,
बाळू