नवीन बोर्ड घेतला, आणि बाकीचं सगळं

प्रिय आई, बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई तू मधेच "बरं ठेवते" म्हणालीस तेव्हाच कळलं की रागावलीयेस, म्हणून म्हटलं आता बसून नीट लिहू. दादाला सांगितलंय प्रिंट काढून द्यायला, बाबांना मोबाईलवर वाचायचा त्रास होतो ना. मी ठीक आहे. ऑफिस, डबा, सायकल सगळं नेहमीचंच, सर्दीही गेली.

आता त्या काइटसर्फिंगच्या, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर पळायच्या बोर्डाचं. "पतंग उडवायला पासष्ट हजार?" असं तू म्हणालीस, तर पतंग दोन्ही जुनेच आहेत गं, सात चौरस मीटरचा आणि दहाचा. घेतला तो पायाखालचा बोर्ड. त्याला ट्विन टिप म्हणतात, दोन्ही टोकं सारखी, होडीला कशी नाळ एकीकडे आणि सुकाणू दुसरीकडे असतं तसं याचं नाही, उजवीकडे जा की डावीकडे, पायांची जागा बदलावी लागत नाही. आणि पासष्ट हजार म्हणजे साडेसहाशे युरो, पायाचे पट्टे, फिन सगळं धरून. मे महिन्यात ऑफिसचे सगळे इटलीला गेले तेव्हा मी गेले नाही, ते पैसे हे.

आधीचा बोर्ड शिकताना घेतलेला, १४२ सेंटीमीटरचा. शिकणाऱ्याला मोठाच बरा, कमी वाऱ्यातही पाण्यावर उचलून धरतो. पण मी ५८ किलोची, वारा पंचवीस नॉटला गेला की माझ्या वजनाला त्याची कड पाण्यात दाबलीच जात नाही, टाचा रुतवून रुतवून पोटऱ्या भरून येतात आणि बोर्ड आपला बाजूला घसरत राहतो. आणि वाऱ्याविरुद्ध वर चढता आलं नाही की निघालो तिथे परत येताच येत नाही, मग बोर्ड काखेत आणि पतंग डोक्यावर सांभाळत वाळूतून चालत या. म्हणजे नवीन बोर्ड ही नुसती हौस नव्हती, हे तुम्हाला पटावं म्हणून एवढं लिहितेय.

बाबा, तुम्ही वर्गात खारे वारे आणि मतलई वारे शिकवायचात ते मला इथे रोज उपयोगी पडतं. इकडचा, नेदरलँड्सचा किनारा तिरका आहे. नैऋत्येचा वारा किनाऱ्याला धरून येतो, तो चांगला. वायव्येचा समुद्रावरून अंगावर येतो आणि लाटा घेऊन येतो, त्या आपल्यासारख्या लांब नसतात, आखूड आणि एकीला लागून एक. आणि पूर्वेचा म्हणजे मतलईसारखा, जमिनीवरून समुद्राकडे. त्या दिवशी मी पाण्यात पाय घालत नाही, कारण काही तुटलं तर वारा आत ओढून नेणार. म्हणजे वारा रोज वेगळा, पाणी रोज वेगळं, आणि बोर्ड मला एकच परवडणार.

म्हणून विकत घ्यायच्या आधी ब्राउवर्सडामला गेलो. १९५३ च्या पुरात या देशात १८३६ माणसं गेली, त्यानंतर यांनी समुद्राची तोंडं बंद करायला धरणं बांधली त्यातलं हे एक, १९७१ ला पूर्ण झालं. बाबा, तुम्हाला एकदा तिथे उभं करायचंय मला. एका बाजूला खवळलेला उत्तर समुद्र, रस्ता ओलांडला की दुसऱ्या बाजूला ग्रेव्हेलिंगेन नावाचं खाऱ्या पाण्याचं शांत तळं. बोर्ड तपासायला अशी दुसरी जागा नाही. दुकानातून तीन बोर्ड चालवायला घेतले.

पहिला कार्बनचा, कडक आणि जवळजवळ सपाट. तळ्यावर इतका सुरेख पळाला की तिथेच पैसे देणार होते. मग समुद्राच्या बाजूला नेला, तर प्रत्येक लाटेवर फाट फाट आपटायचा, दणका थेट गुडघ्यात, आणि एका लाटेत टोक घुसलं नि मी पुढच्या पुढे पाण्यात. (लागलं नाही, आई.) दुसरा उलट, टोकं चांगली वर उचललेली आणि मऊ. लाटांवर काय आराम, पण वारा जरा पडला की पाणी ढकलत बसायचा, वर चढायलाच तयार नाही. तिसरा या दोघांच्या मधला, १३५ बाय ४०, आत पॉलोनिया नावाचं हलकं लाकूड आणि वरून ग्लास फायबर, मधे घट्ट पण टोकांना लवणारा. लाट आली की आपल्या परसातल्या साकवावर पाय टाकल्यावर कसं जरासं दबतं आणि परत उचलतं तसं वाटलं, गुडघ्यांनी तक्रारच केली नाही. तळ्यावर पहिल्याएवढा पळत नाही, खरं आहे. पण वारा वाढला तर मी पतंग बदलू शकते, दहाचा उतरवून सातचा लावला की झालं, पाणी काही मला बदलता येत नाही. आणि मी बहुतेक वेळा समुद्रावरच असते. संध्याकाळी दमून पाय थरथरत असताना किनाऱ्याला आणील तो बोर्ड मला हवा होता, म्हणून तिसराच घेतला.

वहिनी विचारत होती एवढ्या थंडीत तिकडे समुद्रावर असतं तरी कोण. सगळं गाव असतं! इथे एक प्रकार आहे, आउटवायन म्हणतात. वायन म्हणजे वारा वाहणं (बाबा, आपला वायू आणि हे वायन एकाच मुळातले शब्द), आणि आउटवायन म्हणजे मुद्दाम सोसाट्याच्या वाऱ्यात जाऊन उभं राहायचं. पोहायचं नाही, भेळ नाही, सूर्यास्त नाही, ढगात सूर्यच नसतो. रविवारी वारा सुटला की आपण खिडक्या लावून घेतो, हे लोक कोट चढवून बाबागाडीतल्या पोरासकट, आजीआजोबांसकट निघतात. वाळू तोंडावर येते, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, तसेच पुढे वाकून तासभर चालतात, मग वळतात आणि वारा पाठीवर घेत परत. नंतर कुठेतरी आत बसून वाटाण्याचं दाट सूप. मी पहिल्या वर्षी विचारलं की याने होतं काय, तर म्हणाले डोकं मोकळं होतं. मला आधी कळायचंच नाही. आता मीही जाते, पतंग नसला तरी, आणि आपल्या बंदरावर पावसाच्या आधी उभं राहिल्यासारखं वाटतं, वास मात्र तो नाही.

दादाने ती इथल्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावरची २०२० ची बातमी पाठवली, पाच सर्फर गेले ती. दादा, मला ती माहीत आहे, इथे सगळ्यांना माहीत आहे. जोराचा उत्तरेचा वारा आणि बंदराच्या भिंतीजवळ साचलेला जाड फेस, गेलेली माणसं पाण्यातली जाणती होती. म्हणूनच सांगते, तशा दिवशी आम्ही किनाऱ्यावरूनच परत येतो. भिंतीच्या जवळ जात नाही. पतंग सोडून द्यायचा क्विक रिलीज पोटापाशी असतो, तो दर वेळी आधी तपासून बघते. थंडीत पाच मिलिमीटरचा सूट असतो. बचाव बोटी आहेत, त्यांची संस्था १८२४ पासून आहे आणि बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. आई, तू वेतोबाला केळ्यांचा घड बोललीयेस असं वहिनीकडून कळलं. तो वाहून टाक, मी व्यवस्थित आहे.

बाबा, पडवीच्या कौलांचे पैसे. तुम्ही "घाई नाही" म्हणालात, पण मागे बादलीत पाणी ठिबकत होतं ते मला फोनवर ऐकू येत होतं. बोर्ड घेतला त्याच आठवड्यात तुम्ही ते बोललात आणि मला दोन रात्री झोप नाही आली, हे बोर्डाच्या इतक्या गोष्टी सांगताना लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते. नोव्हेंबरच्या दहा तारखेला ऐंशी हजार येतील, सुताराला आत्ताच सांगून ठेवा, वासे पण बदलून घ्या, नुसती कौलं नको. फेब्रुवारीत धाकट्याच्या लग्नाला तीन आठवडे येतेय, रजा मंजूर झाली, तिकीट काढलं. हॉलचा अर्धा खर्च माझा, यावर वाद नको.

आणि ते पुण्याचं स्थळ. दोनदा बोलले त्याच्याशी, मुलगा सभ्य आहे, पण नको. मावशीला वाईट वाटेल, तिच्याशी मी स्वतः बोलेन. आई, तू दर वेळी विचारतेस "सोबत कोण असतं?" आणि मी "असतात माणसं" म्हणते. असतो एकच. सांगलीचा आहे, डेल्फ्टला शिकतो, पतंग वर चढेपर्यंत तो धरून उभा असतो आणि मी बाहेर येईपर्यंत पाण्याकडे बघत बसतो. ब्राउवर्सडामलाही तोच आला होता. दीड वर्ष झालं. आधी सांगायला हवं होतं, फोनवर तोंडातून निघत नव्हतं. नाव, घरचं सगळं रविवारी सांगते, बाबांना तू आधी वाचून दाखव, नाहीतर नको, त्यांनाच वाचू दे.

तुमची,
ताई

ता.क. चवथीचे फोटो परत परत बघतेय. गणपतीवर टांगलेली माटवी डाव्या बाजूला खाली उतरलीये, तिला बांधलेलं कवंडाळाचं फळ जवळजवळ त्याच्या मुकुटाला टेकलंय. दर वर्षी ती बाजू मी बांधायचे. यंदा स्टुलावर कोण चढलं होतं? बाबा चढले असतील तर खरं सांगा.