सोरोरिटीच्या कागदावर घाईने सही नको

महोदय,

परदेशी शिक्षणावरच्या पुरवण्यांत कर्ज, व्हिसा आणि शिष्यवृत्ती यांवर रकानेच्या रकाने भरतात. बारावीनंतर थेट अमेरिकेत इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीपुढे पहिल्या काही आठवड्यांतच सोरोरिटीचे, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनेचे, निमंत्रण येते, त्याबद्दल मात्र अवाक्षर नसते. मग घरचे एकतर ‘ही कसली थेरं’ म्हणून मोडता घालतात, नाहीतर वसतिगृहच असेल असे समजून होकार देतात. दोन्ही चूक.

सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलींसाठीच काढलेल्या सोरोरिटी हा तिकडचा वेगळा प्रकार आहे. अल्फा ओमेगा एप्सिलॉन १९८३ मध्ये मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात सुरू झाली, तर फाय सिग्मा रो १९८४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात. फाय सिग्मा रोच्या संस्थापकांपैकी एक रश्मी खन्ना. नेहमीच्या सोरोरिटींच्या भरतीचे वेळापत्रक आणि इंजिनिअरिंगचा अभ्यास यांचा मेळ बसेना, हेच या सोरोरिटीच्या जन्माचे कारण. १९८९ मध्ये मिनेसोटात अल्फा सिग्मा कॅपा निघाली. वर्गात मुली मूठभर असतात, तिथे लॅब पार्टनर, जुन्या प्रश्नपत्रिका, इंटर्नशिपची खबर आणि मुलाखतीचा सराव करून घेणारी सीनियर एकाच ठिकाणी मिळणे ही छोटी गोष्ट नाही. आमचे मत या सोरोरिटींच्या बाजूचेच आहे.

भरती सहसा वर्षातून दोनदा होते : ऑगस्टअखेर ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारीत. मोठ्या २६ सोरोरिटींच्या राष्ट्रीय परिषदेत या मोडत नाहीत, म्हणून त्यांची भरती स्वतंत्र आणि बरीच मोकळी असते. आधी माहितीची संध्याकाळ, मग पिझ्झा, एकत्र अभ्यास, खेळ असे दोन-तीन कार्यक्रम, मग गप्पावजा मुलाखत आणि शेवटी ‘बिड’ म्हणजे सभासदत्वाचे निमंत्रण. उत्तराला अनेकदा एक-दोन दिवसांचीच मुदत असते. होकार दिला की काही आठवडे नवसभासद म्हणून काढायचे, त्यानंतर पूर्ण सभासद करून घेणारा दीक्षाविधी. बिड आले नाही तर त्यात कमीपणा काही नाही. जागा मोजक्या असतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा जाता येते.

आमचा आग्रह एवढाच की, पहिले सत्र जाऊ द्यावे आणि जानेवारीत नाव द्यावे. सप्टेंबरात मुलीला तिथल्या अभ्यासाचा अंदाज नसतो. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग, शिवाय लॅबचे अहवाल. त्यात दर आठवड्याची सभा, सेवाकार्य, हजेरीचे गुण आणि गैरहजेरीचा दंड यांची भर पडते. मिडटर्म म्हणजे सत्रमध्याच्या परीक्षा नेमक्या याच आठवड्यांत येतात. किमान जीपीएची (गुणांच्या सरासरीची) अट सोरोरिटीच्या बहुतेक कॉलेज-शाखांत असते, म्हणजे घसरण झाली की कॉलेजची ताकीद आणि सोरोरिटीची ताकीद एकदमच येते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला तर जास्तच जपावे लागते. पदवीच्या विद्यार्थिनीने सत्राला किमान १२ क्रेडिट घेतलेच पाहिजेत. १५ क्रेडिट घेतले आणि झेपत नाही म्हणून ४ क्रेडिटचा फिजिक्स सोडला, की ११ उरतात. कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आधी परवानगी न घेता असे केले तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. डिसेंबरचा निकाल हातात असला म्हणजे आठवड्याचे चार-पाच तास काढता येतील की नाही, हे मुलीलाच कळते.

पैशाची बाब भीड न ठेवता विचारावी. सत्राची वर्गणी, नवसभासद शुल्क, दीक्षाविधीचे शुल्क, पिन, टी-शर्ट, वार्षिक समारंभ, दंड : प्रत्येकाचा वेगळा आकडा लेखी मागावा. स्वतःचे घर नसलेल्या शाखेत हा खर्च सहसा सत्राला काही शे डॉलरच्या घरात राहतो. घर असेल तर राहण्या-जेवण्याचा करार वेगळा, आणि तो बहुधा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा. सत्राच्या मध्यावर बाहेर पडले तरी वर्गणीची बाकी अंगावर राहते का, हे करारात पाहिल्याशिवाय सही करू नये. हप्ते पाडून मिळतात का, हेही विचारावे. अनेक शाखा देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत.

रॅगिंगची भीती पालक बोलून दाखवत नाहीत, पण ती असते आणि ती अनाठायीही नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे होतेच. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. त्यानुसार दोषी ठरलेल्या संघटनांची नावे आणि काय घडले याचा अहवाल कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. बिडला उत्तर देण्याआधी त्या अहवालात शाखेचे नाव शोधावे, दहा मिनिटांचे काम आहे. नवसभासदांना रात्री जागवणे, मोबाइल काढून घेणे, सीनियरची कामे करायला लावणे, ‘हे बाहेर सांगायचं नाही’ असे बजावणे, यांतले काहीही दिसले तर तिथून उठावे. दीक्षाविधी गुप्त असतो, ती परंपरा आहे. पण कुणाला त्रास दिलेला गुप्त ठेवणे ही परंपरा नव्हे. दारूचे वय तिथे २१ आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेल्यास खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

एमएससाठी जाणाऱ्या मुलींनी आधी पात्रता विचारावी, कारण या सोरोरिटी प्रामुख्याने पदवीच्या विद्यार्थिनींसाठी आहेत. एमएसच्या मुलींसाठी १९५० पासूनची सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स आहे. कॉर्नेलमध्ये १९२१ साली सिग्मा डेल्टा एप्सिलॉन या नावाने सुरू झालेली ग्रॅज्युएट विमेन इन सायन्सही आहे.

एक धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सोरोरिटीच्या घरात स्वयंपाकघराची किंवा व्यवस्थेची कामे करून भाड्यात सूट मिळते, आणि काटकसरी घरच्या मुलीला ते सोयीचे वाटते. कामाच्या बदल्यात मिळालेली सूट हाही मोबदलाच. घर कॉलेजच्या आवाराबाहेरचे, खाजगी मालकीचे असेल तर एफ-१ वर ती विनापरवाना नोकरी ठरू शकते. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आधी ईमेलने विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत घरातले कोणतेही काम अंगावर घेऊ नये.

– परदेशी अभियांत्रिकी प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या दोघी, पुणे